दूरचं करंबोळे

साथवेध केंद्राच्या भिंतीभर पसरलेल्या पडद्यावर मुंबई आणि दुबई एकमेकींना खेटून होत्या, आणि मुंबईपासून चार तासांवरचं एखादं डोंगरातलं खेडं पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसलं होतं. नवा माणूस हा नकाशा बघून हटकून हसायचा. विषाणुतज्ज्ञ डॉ. हेमांगी रेडकर मात्र हसण्याच्या मनःस्थितीत नव्हती. झापडताप मुंबईत पोहोचला होता.

हा ताप लबाड होता. आधी माणसाला नुसती झोप यायची. घरचे म्हणायचे, दमला असेल बिचारा. झोपेतल्या श्वासातून तो घरभर पसरायचा आणि मग झोपलेला माणूस उठायचाच नाही.

"रोगाला स्वतःचे पाय नसतात," नकाशाचे जनक डॉ. पटवेकर म्हणाले. "तो आपल्या पायांनी चालतो. मग मैल कशाला मोजायचे? दोन गावांत माणसांची ये-जा जितकी जास्त, तितकी ती जवळ. मोबाइल, टोलनाके, तिकिटं, सगळं जोडून आपला संगणक हे अंतर सारखं नव्यानं काढतो. मी त्याला संसर्गांतर म्हणतो."

"आणि हा कोपऱ्यातला ठिपका?" हेमांगीने विचारलं. ठिपक्याखाली करंबोळे लिहिलं होतं. तळकोकणातलं तिचं गाव. तिथे तिची आई एकटीच राहत होती.

"तुमचंच ना ते? तिथे आता उरलंय काय, चार म्हाताऱ्या आणि दारादारांवरची कुलपं. कुणी जात नाही, कुणी येत नाही. मुंबईहून आज सगळ्यात दूर तेच."

हेमांगीला इतकं हायसं वाटलं की तिचे डोळे भरून आले. "मग हे लोकांना का सांगत नाही आपण?"

पटवेकरांनी चहाचा कप खाली ठेवला. "सांगितलं की नकाशा खोटा पडला. सुरक्षित गाव कळलं की माणसं तिकडे धावणार, आणि धावली की ते गाव जवळ आलंच. बाई, हा नकाशा नुसता बघायचा असतो. बोलायचा नसतो."

तिला ते पटलं. तरी बाहेर जिन्यात येऊन तिने परळला भावाला फोन लावला. चार माणसांनी ठिपका हलत नाही, हा हिशेब तिने मनाशी केलेला होता.

"दिगू, पोरांका घेवन आयेकडे जा. आजच. आपल्या गावाएवढी सुरक्षित जागा खंयच नाय. आणि कोणाक बोलू नको."

हिशेब बरोबर होता, माणूस चुकला. दिगंबर हा मुंबईतल्या करंबोळे ग्रामस्थ मंडळाचा सचिव होता. गावच्या विहिरीचा रहाट मोडला तरी परळच्या खोलीत बैठक बोलावणारा माणूस तो. सगळ्या भावकीला मुंबईत मरायला सोडून आपण तेवढं गाव गाठायचं, हे त्याच्या रक्तातच नव्हतं. हेमांगीला हे ठाऊक असायला हवं होतं, तीही त्याच घरात वाढली होती.

दोन दिवसांनी सकाळी ठिपका हलला. त्याच वेळी आईचा फोन आला. तिचा आवाज आनंदाने फुटत होता.

"अगो हेमा, सगळे चाकरमानी इले! बसी भरान इले! घराघराची कुलपां उघडली. देवळात गाराणां घातलां, मगे सगळी थयच मांडवात पंगतीक बसली. इतकी माणसां माझ्या लग्नाक पण नव्हती. तू दिगूक सांगितलंस म्हणान गाव भरलो गो. देव तुझां बरां करो."

हेमांगीने पडद्याकडे बघत विचारलं, "आये, दिगूची पोरां बरी आसत?"

"बरी आसत. धाकटो तेवढो दमलो आसा. काल इल्यापास्ना माझ्या मांडयेर निजलो आसा, जेवणाक पण उठाक नाय."

पडद्यावर करंबोळे सरकत सरकत मुंबईला येऊन चिकटलं होतं.

"आये, तेका खाली ठेव!" हेमांगी किंचाळली. "आधी तेका खाली ठेव!"

"हळू बोल गो," आई कुजबुजली. "तो उठतलो."