दोनदा आलेला तास

बस गं जनेसा. तुझी ड्यूटी अकराला, अजून वेळ आहे. शेंगा खा, आत्ताच उकडल्यात. पोरांनो, तुम्हीही या जवळ, पण मध्ये तोंड उघडलंत तर मी उठून जाईन. माझ्या बहिणीची नात नर्स झाली, चांगली गोष्ट आहे. पण पहिलीच रात्र त्या इमर्जन्सीत, आणि तीही नोव्हेंबरातल्या पहिल्या शनिवारची. हिवाळा आला म्हणून आज रात्री अख्ख्या अमेरिकेत घड्याळं मागे करतात. दोन वाजले की काटा पुन्हा एकवर. तोच तास दोनदा येतो. कुणाच्या डोक्यातून निघालं हे, देव जाणे.

मी तिथे जन्मभर स्ट्रेचर ढकलली. तेव्हा दाराशी मार्व्हा टॉलिव्हर नावाची नर्स बसायची. आलेल्याला विचारायचं, शून्य ते दहा, किती दुखतंय? आणि आकडा लिहायचा. मोठा आकडा, तर औषध लवकर. आमच्याच गल्लीतली होती, मला गाडीतून घरी सोडायची. आता सांगतोय त्यातलं मी न बघितलेलं सगळं तिनेच मला गाडीत सांगितलं. मार्व्हा उर्मट होती, पण खोटं बोलणारी नव्हती.

आणि ओडेसा गॅड्सडेन, आपल्या चर्चमध्ये गायची ती. तिला सिकलसेल, रक्ताचा आजार. हाडं आतून कुणी पिळतंय असं होतं म्हणायची. आता आपल्यासारख्या काळ्या माणसाने रात्री जाऊन जोराचं औषध मागितलं, की समोरच्याला वाटतं, आला गर्दुल्ला. म्हणून ओडेसाने एक रीतच पाडली होती. कळ आली की आधी कपडे. चर्चचा पोशाख, कानात मोत्याचे डूल, डोक्यावर पांढरी हॅट. नवरा बाहेर गाडी चालू ठेवून रडकुंडीला यायचा, आणि ही आत दात आवळून लिपस्टिक लावायची. म्हणायची, नीट दिसले तर माणसात धरतील.

सात वर्षांपूर्वी, अशाच घड्याळं मागे करायच्या रात्री ती साडेबाराला आली. मार्व्हाने विचारलं, किती? ओडेसा म्हणाली, दहा. मार्व्हाने हॅट बघितली, डूल बघितले, आणि लिहिलं चार. म्हणजे बघा, मळकं गेलं तर गर्दुल्ला आणि नटून गेलं तर ढोंगी. आपण जायचं तरी कसं?

तिला कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवलं आणि विजेवर तापणाऱ्या कपाटातलं गरम ब्लँकेट दिलं. औषध द्यायचं नसलं की ते देतात. ती दोनदा मार्व्हाच्या खिडकीशी येऊन विचारून गेली. दोन वाजले, घड्याळ एकवर आणलं. ती बसूनच. पुन्हा दोन वाजले तेव्हा तिला आत न्यायला मीच गेलो. हॅट सरळ होती. बाई गेलेली होती.

चौकशी झाली ना, न व्हायला काय? त्या तासाला कॉम्प्युटर गोंधळतात, म्हणून बंद ठेवून सगळं हाताने लिहितात. कागद म्हणाला, साडेबाराला आली, दोनला गेली. दीड तास. साहेब म्हणाले, दीड तास चालतो. एक अख्खा तास त्या बाईच्या हाडांतून गेला आणि कागदावर आलाच नाही. नवऱ्याने घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. कुणी ऐकलं नाही.

वर्ष गेलं. तीच रात्र, दाराशी मार्व्हाच. घड्याळ दोनवरून एकवर आणलं. एका म्हाताऱ्याला थंडी वाजत होती, म्हणून ती ब्लँकेट आणायला आत गेली. घेऊन बाहेर आली.

कोपऱ्यात कुणीतरी बसलं होतं.

पांढरी हॅट. खाली झुकलेली.

दार उघडल्याचा आवाज आला नव्हता. मार्व्हा सवयीने जवळ गेली. सवयीनेच विचारलं, "दहापैकी किती?"

हॅट तशीच खाली.

पुन्हा विचारलं.

हॅट हळूहळू वर आली.

"तुम्हीच सांगा."

आणि कळ आली. मार्व्हाला. आधी मांड्यांत. मग पाठीत. मग छातीत... ओरडायला गेली, आवाज नाही. समोरची खुर्ची रिकामी. तीत ती कोसळली.

दुसऱ्या नर्सने बघितलं. मार्व्हा हात वर करून बोटं दाखवत होती. दहाच्या दहा. ती नर्स हसली. म्हणाली, "काम वाढलं की तुझं सुरू." डॉक्टर लांबूनच म्हणाले, बघतो. आणि मला म्हणाले, "हॉलिस, बाईंना ब्लँकेट दे." तिच्या हातून पडलेलं ते मी उचललं आणि तिच्या अंगावर घातलं. दुसरं काय होतं माझ्या हातात?

कुणी आलं नाही...

तासभर.

दोन वाजले. कळ गेली.

त्यानंतर मार्व्हा समोरचा सांगेल तोच आकडा लिहायला लागली. डॉक्टर वैतागले, हिचे सगळेच दहा! तिला उचलून सामानाच्या खोलीत बसवलं. बभ्रा झाला तशी पाद्र्याला आणून प्रार्थना केली, खुर्ची काढली, कोपऱ्याला नवा रंग दिला. रोग म्हशीला आणि औषध पखालीला. लोक अजून तेवढेच ताटकळतात, फक्त एक खुर्ची कमी आहे. मला त्याचा अजून संताप येतो, पोरी. म्हणून सांगतो, आज समोर कुणीही येवो, मळकं, नटलेलं, तो सांगेल तोच आकडा लिही.

राहता राहिलं ते ब्लँकेट. सकाळी धुवायला टाकायला म्हणून मी उचललं. कपाटातली ऊब दहा मिनिटांत जाते, मी जन्मभर वाटली आहेत ती. हे मात्र सकाळीही गरमच होतं, टाकवेना. घरी घेऊन आलो, चोरी म्हणा हवं तर. सहा वर्षं झाली. तुझ्या मागच्या पेटीत आहे. उघडलेली नाही मी तेव्हापासून.

निघायच्या आधी हात घालून बघ. घाबरू नकोस, नुसतं ब्लँकेट आहे.

...

काय गं? चटका बसल्यासारखा हात का काढून घेतलास?