पडून परतता येईल अशी लाट

मी, माझा नवरा आणि माझी नणंद, आम्ही तिघं लाट शोधायला निघालो होतो. मोठी नव्हे. मोठ्या लाटा आमच्या वाईउता गावाला नकोशा होतील इतक्या आहेत. समोरच्या प्रवाळाच्या रांगेवर त्या दिवसरात्र आपटत असतात. आम्हाला हवी होती गरीब लाट. जन्मात कधी फळीवर उभा न राहिलेला, सुट्टीवर आलेला पाहुणा हातात लांब वल्हं घेऊन तिच्यावर उभा राहावा, पडावा, हसावा आणि जेवणाच्या वेळेला घरी यावा, अशी!

गेल्या वर्षी एक पाहुणी जेवणाच्या वेळेला आली नाही. न्यूझीलंडच्या निवृत्त शिक्षिका होत्या. प्रवाळातल्या खिंडीच्या ओढीनं त्यांना फळीसकट बाहेर नेलं. गावच्या होड्यांना सापडल्या तेव्हा त्या जिवंत होत्या, पण बोलत नव्हत्या. दुसऱ्याच दिवशी गावसभेनं आमच्या फळ्या पाण्याबाहेर काढायला लावल्या. "ज्याला उभं राहता येत नाही तो जिथे पडून सुखरूप परत येईल, अशी जागा आधी दाखवा," वडीलधारे म्हणाले. "आणि ती चांगली आहे हे आम्ही सीउलाच्या तोंडून ऐकू."

सीउलाताई माझी नणंद. भावाच्या कामाची ग्वाही बहिणीनं द्यायची, अशी आमच्याकडची रीत.

फळ्या नाहीत म्हणून पाहुणे येईनात. पाहुण्यांना भाड्यानं द्यायच्या वाळूवरच्या आमच्या झोपड्या रिकाम्या पडल्या, आणि माझ्या नवऱ्यानं, सेमिसीनं, ऑस्ट्रेलियात फळं तोडायला जाणाऱ्या टोळीत नाव दिलं. जागा सापडली तर तो नाव मागे घेणार होता. त्याचा थोरला भाऊ असाच एका हंगामापुरता गेला, तो परतलाच नाही. त्याची बायको अजून त्याच्या शर्टांना ऊन दाखवते. मला तसं जगायचं नव्हतं. शिवाय होडी चालवायला कोणी तरी हवंच होतं, आणि माझं माहेर मानोनो बेटावरचं. तिथल्या पोरी वेणी घालायच्या आधी सुकाणू धरायला शिकतात.

आमच्याकडे भाऊ वयात आला की बहिणीची थट्टा करत नाही, तिच्यावर आवाज चढवत नाही, तिला हात लावत नाही, शक्यतो तिच्याशी थेट बोलतही नाही. ऐकायला हे छान वाटतं. पत्र्याच्या लहानशा होडीत तीन माणसं आणि दोन फळ्या घेऊन बसलं की त्याची गोडी कमी होते.

"फेतू, ताईंना सांग, गुडघे वाकवून उभं राहायचं," सेमिसी मला म्हणायचा. ताई हातभर अंतरावर.

"फेतू, त्याला सांग, माझे गुडघे पन्नाशीचे आहेत," ताई समुद्राकडे बघत म्हणायच्या.

"मला काय पोस्टमन समजलात दोघं?" मी म्हटलं. ताई हसल्या नाहीत, पण त्यांचं पोट हललं.

परीक्षेला त्याच योग्य होत्या. अंगानं भरलेल्या, बेताचं पोहणाऱ्या, रविवारच्या शाळेत मुलांना धाक दाखवणाऱ्या. फळीवर उभं राहणं त्यांना येत नव्हतं आणि येईल असं वाटतही नव्हतं.

पहिली जागा नदीच्या मुखाशी होती. खाली मऊ वाळू, वर शहाणी लाट. पण डोंगरातल्या पावसानं आणलेले ओंडके पाण्याखालून गुपचूप येत होते. त्यातला एक सेमिसीच्या फळीला असा भिडला की फळीचं टोकच फुटलं! दुसऱ्या जागी लाट लांबवर सुरेख पळायची. तिथे ताई पडल्या तेव्हा प्रवाळ पाण्याखाली वीतभरच निघालं आणि त्यांचा हात कोपरापासून मनगटापर्यंत सोलला. मी जखमेवर लिंबू पिळलं. त्यांनी देवाचं नाव घेतलं, पण ज्या सुरात घेतलं तो प्रार्थनेचा नव्हता.

पुढे रस्ता नाही, गाव नाही. काळ्या लाव्हाचे कडे सरळ पाण्यात उतरलेले, त्यांच्या पायथ्याच्या पोकळ्यांतून लाटा शिरून वर फवारे उडवणाऱ्या. सेमिसीनं पेट्रोलचा डबा हलवून बघितला आणि माझ्याकडे बघितलं. मी होडी वळवली नाही. टोळी त्या महिन्याच्या अखेरीस निघणार होती.

आणि मग एका खडकाळ बेटाला वळसा घातल्यावर ती जागा दिसली!

बेटाच्या आडोशाला अर्धचंद्रासारखा उपसागर होता. बाहेरच्या प्रवाळावर मोडलेल्या लाटा आत येईपर्यंत पार थकून जायच्या आणि गुडघ्याएवढ्या होऊन, एकामागून एक, रांगेत किनाऱ्याकडे चालत यायच्या. तळाला पांढरी वाळू, नितळ पाण्यातून स्पष्ट दिसणारी. टोकाला लाव्हाच्या भिंतीत बाहेरच्या समुद्राकडे जाणारी एक अरुंद वाट होती आणि तिच्यातलं पाणी तर काचेसारखं गुळगुळीत. वारा नव्हता.

सेमिसीनं फळी टाकली. या टोकापासून त्या टोकापर्यंत तो दोनदा वल्हवत गेला आणि हात वर केला. सगळं ठीक.

ताई फळीवर गुडघ्यांवर बसल्या. घोट्याची दोरी बांधली. उठल्या, पडल्या. पुन्हा उठल्या, पुन्हा पडल्या. कमरेला गुंडाळलेला लावालावा सावरत, नाकातलं पाणी शिंकरत चढत राहिल्या. आणि मग एक लाट त्यांच्या पाठीमागून आली, फळी उचलली गेली, ताई उभ्या होत्या! वल्हं आडवं धरून, तोंड उघडं टाकून, त्या किनाऱ्याकडे येत होत्या! "फेतू! बघ गं! बघतेस ना?" मी होडीत टाळ्या पिटत होते. मनात सेमिसीचं नाव टोळीच्या यादीतून पुसूनही टाकलं होतं.

आम्ही उकडलेला तारोचा कंद खाल्ला, डब्यातले मासे खाल्ले. ताईंना दम धरवेना. "अजून एकदा," म्हणत त्या पाण्यात गेल्या. तोवर भरती संपून ओहोटी लागली होती. आमच्यापैकी कोणाच्याच मनात तो विचार आला नाही.

ताई पडल्या. वर आल्या तेव्हा पहिल्यापेक्षा थोड्या बाजूला होत्या. पुन्हा पडल्या, आणखी बाजूला. मला वाटलं, मुद्दाम जातायत. पाण्यावर काही दिसत नव्हतं, फेस नाही, भोवरा नाही. मग त्या वल्हं मारू लागल्या, मारत राहिल्या, आणि तरी मागेच जात होत्या. लाव्हाच्या त्या गुळगुळीत वाटेकडे!

"सेमिसी!"

तो किनाऱ्यावर होता. फुटकी फळी उचलून धावला. मी इंजिन सुरू केलं, होडी सरळ त्यांच्याकडे घातली. खट्! वाटेच्या तोंडाशी ओहोटीनं वर आलेल्या प्रवाळावर पंखा आपटला. इंजिन ओरडत होतं आणि होडी जागची हलत नव्हती. पंख्याला इंजिनाशी जोडणारी पिन तुटली होती.

ताई वाटेत शिरल्या. दोन्हीकडे काळी भिंत, मध्ये पाणी उतारावरून पळावं तसं पळत होतं, आणि पलीकडे फुटणाऱ्या लाटांचा पांढरा पडदा. फळी भिंतीवर आदळली, ताई खाली. डोकं दिसलं. दिसेनासं झालं. पुन्हा दिसलं. सेमिसी पोचला. त्यानं त्यांचा दंड धरला, खेचलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा बहिणीवर ओरडला.

"पोटावर झोप! वल्हं सोड! सोड म्हणतो ना, अगं मरशील!"

ताई पोटावर झोपल्या. उलट वल्हवून उपयोग नव्हता, हे त्याला तेव्हा कळलं. त्यानं दोन्ही फळ्या धरल्या आणि पाण्याला जाऊ दिलं. दोघंही त्या पांढऱ्या पडद्यात गेली आणि मला दिसेनाशी झाली.

मी होडीच्या बाकातला खिळा पक्कडीनं उपसला. पिनेच्या जागी खिळा ठोकला, वाकवला. देवा, टिकू दे! पंखा फिरला. बेटाला बाहेरून वळसा घातला, प्रत्येक लाटेला होडी उभी राहत होती, आणि मी त्यांच्या नावानं हाका मारून मारून घसा फोडून घेतला. मोडणाऱ्या लाटांच्या पलीकडे, निळ्या खोल पाण्यात, ती दोघं सापडली. सेमिसी फळीवर बसला होता आणि त्यानं ताईंच्या लावालावाचं टोक मनगटाला बांधून घेतलं होतं.

परतीच्या वाटेवर सेमिसी म्हणाला, "माझ्या हाताला ती ओढ जाणवलीच नाही. मी तिच्यावरून दोनदा गेलो." थोड्या वेळानं म्हणाला, "भरतीला मात्र ती जागा उत्तम आहे. भरतीपुरतंच न्यायचं पाहुण्यांना. ओहोटी लागायच्या आत बाहेर."

खरं होतं ते! मी ताईंकडे बघितलं. तुम्ही फक्त 'चांगली आहे' म्हणा, मी डोळ्यांनी विनवत होते. सभा मानेल, हा राहील.

ताई माझ्याकडे वळल्या. ओठ निळे पडले होते. "सभेत काय सांगायचं ते तू ठरव, फेतू. नवरा तुझा जायचाय. तू म्हणशील तेच मी सांगेन."

मला त्यांचा असा राग आला! त्यांनी 'नाही' म्हटलं असतं तर मी जन्मभर त्यांना बोल लावला असता, आणि त्यात मला सुख होतं. तेवढंही त्यांनी माझ्या हाती ठेवलं नाही.

मी सुकाणू धरून बसले. 'चांगली' हा शब्द ओठांपर्यंत आला होता. पण ओहोटी लागली तेव्हा मी त्याच पाण्याकडे बघत जेवत होते. मानोनोची पोर, आणि मला काही दिसलं नव्हतं. सेमिसीच्या हाताला जाणवलं नव्हतं. मग एखाद्या दिवशी पाहुणा 'अजून एकदा' म्हणाला, तर ते कोणाला दिसणार होतं?

"सांगा, जागा मिळाली नाही," मी म्हटलं. आणि मोठ्यानं रडले. सेमिसीनं मला गप्प केलं नाही. ताईंनीही नाही.

महिन्याच्या अखेरीस तो गेला. दर रविवारी चर्च सुटल्यावर त्याचा फोन येतो. तिकडे थंडी फार आहे म्हणतो, हात फुटलेत म्हणतो. गेल्या रविवारी त्यानं विचारलं, "फेतू, चुकलं का गं आपलं?"

"नाही," मी म्हटलं. "तू परत ये."