स्क्रीनवरची बडबड

घोडबंदर रोडच्या ऑफिसात मी ट्रायलवर आलेलो. मोहने गावातला मुलगा, मोबाईलवर व्हिडिओ बघून कोडिंग शिकलेला. पहिल्याच दिवशी एसीखालची खुर्ची नको म्हणून सरकलो... आणि तिथे आधीपासून कामाला असलेल्या कल्पिताच्या शेजारी जाऊन बसलो.

माझं काम म्हणजे कंपनीच्या डेटाची रोज कॉपी करणारा प्रोग्राम. तो चालला की काळ्या स्क्रीनवर ओळींचा पूर यायचा – ही फाईल झाली, ती फाईल झाली...

"अहो, किती बोलतो तुमचा प्रोग्राम!" ती हसली. "तुमच्यावर गेलाय का?"

कान तापले माझे. तिला इम्प्रेस करायला मी सगळ्याच ओळी बंद केल्या. स्क्रीन एकदम चिडीचूप. वा!

ट्रायलच्या शेवटच्या दिवशी आमचे बॉस प्रभाकर सर बघणार होते – मला ठेवायचं की नाही. दुपारी कल्पिताने सहज कॉपीचा फोल्डर उघडला.

"रत्नदीप... परवापासून इथे काहीच आलेलं नाहीये."

मी तिच्या स्क्रीनकडे वाकलो. "पण एरर तर नव्हता!"

"दिसेल कसा? तू एररचंही तोंड दाबलंयस, येड्या!"

'अहो'वरून थेट 'येड्या'. त्या टेन्शनमध्येही बरं वाटलं, खरं सांगतो.

तिने खुर्ची जवळ ओढली. "हे बघ, एरर वेगळ्या वाटेने येतात. नेहमीची बडबड फाईलमध्ये पाठव, एरर स्क्रीनवर राहू दे."

तसं केलं, चालवलं... एकच ओळ आली – डिस्क भरलीय. मीच करून ठेवलेल्या टेस्टच्या फायली उडवल्या, परत चालवलं. झालं!

सर आले. मी सांगून टाकलं, "सर, दोन दिवस कॉपी झाली नव्हती. माझी चूक. कल्पिताने पकडली."

"परत डिस्क भरली तर?"

"स्क्रीनवर फक्त तेच दिसेल, सर."

त्यांनी फोल्डर उघडून आलेल्या फायली बघितल्या. "बरं. सोमवारपासून पर्मनंट."

खाली चहाच्या टपरीवर मी सुरूच – थँक्यू, तू नसतीस तर, आईला फोन करतो, थँक्यू...

"पुरे रे," कल्पिता ग्लासात बघत म्हणाली. "काय उपकार नाही केले. माझाच स्वार्थ होता."

"कसला?"

"शेजारी दुसरं कोणी आलेलं... मला चाललं नसतं."

मी – मी! – गप्प. मग कसाबसा म्हणालो, "मला तू आवडतेस. पहिल्या दिवसापासून."

"माहितीये," ती म्हणाली, आणि माझ्या ग्लासातला उरलेला चहा पिऊन टाकला.