लवूची गोधडी

"उंदीर मारायला आलात ना? मग आल्या पावली परत जा!" दारातल्या माणसावर मी ओरडलेच. हातात पेटी, खांद्यावर वायरचं भेंडोळं... मला तो मुन्शिपाल्टीचाच वाटला.

"मारायला नाही हो बाई, दुरुस्तीला," तो हसत म्हणाला. "मी विद्याधर. घाटकोपरला रेडिओ दुरुस्त करतो. तुमचं यंत्र बंद आहे म्हणे?"

अगंबाई! माझे कान तापले. आणि हा मेला हसतोय काय!

मुलुंडच्या आमच्या औषध कारखान्यात लहान मुलांचं कडू औषध किती गोड करायचं, ते लवू ठरवायचा. लवू म्हणजे आमचा पांढरा उंदीर. औषधाची नळी तो किती वेळा चाटतो, ते मोजायचं. पण त्याची जीभ अशी भराभर चाले, की डोळ्यांनी मोजता येईल तर शपथ! म्हणून साहेबांनी यंत्र करून घेतलं. उंदीर लोखंडी जाळीवर उभा, जीभ नळीला लागली की विजेचा फेरा पूर्ण, आणि कागदावर लेखणी टक् करून उडणार. पण लेखणी ढिम्म हलत नव्हती. शनिवारपर्यंत चाललं नाही, तर हे काम बंद आणि मी पुन्हा बाटल्या धुवायला. बी.एस्सी. होऊन बाटल्या!

मी लवूला अंथरुणासकट उचलून टोपलीत ठेवलं. विद्याधरने नळीला बोट लावलं.

"तुम्ही जाळीवर हात ठेवा. आता... दुसरा हात इकडे द्या."

"कशाला?"

"फेरा पूर्ण व्हायला. दुसरं काही नाही."

मी हात दिला. टक्!

"यंत्र तर ठणठणीत आहे," तो म्हणाला. पण हात काही सोडेना. आणि मी तरी कुठे सोडवून घेतला!

लवूला अंथरुणासकट परत आत ठेवलं. तो चाटतोय, लेखणी गप्प. मग विद्याधर रोज यायला लागला. तारा उकली, पुन्हा जोडी, माझ्या हातचा चहा पिई. मला तो आवडायला लागला होता, सरळच सांगते. शुक्रवारी तो लवकर आला, तेव्हा मी लवूचा खोका साफ करून जाळीवर अंथरूण घालत होते.

"हे काय?"

"गोधडी. आईच्या जुन्या लुगड्याची. जाळी टोचते हो त्याच्या पायांना."

तो मटकन खाली बसला आणि हसत सुटला. "बाई, पाय जाळीला लागले तरच फेरा पूर्ण होणार ना!"

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "हसा! बिचाऱ्याला टोचतं, ते कोण बघणार?"

त्याचं हसू थांबलं. "बघितलं ना मी. उंदरावर एवढी माया... माझी तर पार वाट लागली."

शनिवारी गोधडी काढली आणि लेखणी अशी टकटकली, की साहेब खूश. ते गेल्यावर विद्याधर पेटी आवरायला लागला. "आता यायला कारण उरलं नाही," तो खाली बघत म्हणाला.

मी गोधडी उचलली आणि लवूच्या पायांखाली सरकवली. लेखणी थांबली.

"यंत्र बंद पडलं," मी म्हटलं.

"गोधडी काढा, चालेल."

"आईची आहे. तिलाच विचारायला हवं. उद्या नाहूरला घरी या."

"फक्त गोधडीच मागायची का, माणिकबाई?"

"आधी ते बाई म्हणणं सोडा... मग काय मागायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

तो हसला. "हात दे, माणिक. थांब, नळीला बोट लावतो..."

"राहू दे ती नळी," मी म्हटलं आणि हात दिला.