दोराचे वेढे

फोन आला तेव्हा फौजदार बाई खुर्चीत जेमतेम टेकल्या होत्या. नदीकाठच्या वाइनरीत पाहुण्यांसाठी राफ्ट चालवणारा बुडाला होता. पाय ओढत त्या निघाल्या.

काठावर त्याची बायको बसली होती. समोर धाकटा दीर, ओलाचिंब, मान खाली.

"यांनाच धरा," ती म्हणाली. "दोर यांनीच फेकला. दोघा भावांचं आठवडाभर वाजत होतं."

"कशावरून?"

"इथे महागड्या बाटलीतून पाहुण्यांना भलतंच पाजतात. माझे हे आज मालकांना सांगणार होते. भावोजी म्हणत होते, नसती उठाठेव नको."

बाई धाकट्याकडे वळल्या. "काय झालं?"

"रोजचंच. पाहुण्यांची भीती मोडावी म्हणून दादा मुद्दाम उडी मारायचा. मी काठावरून दोराची पिशवी फेकून त्याला ओढून घ्यायचो. आज दोर सुटलाच नाही, गोळा होऊन जवळच पडला. पुढे धबधबा..."

बाईंनी पिशवी उघडली. तळाशी उरलेला दोर एकसारख्या गोल वेढ्यांत होता. वेढ्यांवर आडवा पीळ, टोक त्यात खोचलेलं.

"हा भरून दाखव."

त्याने दोर मूठमूठ करत कोंबला. "असाच भरतात. वेढे घातले की फेकताना गुंततो. काल मी असाच भरून तोंड आवळलं होतं."

"पिशवी ठेवता त्या खोलीची किल्ली कोणाकडे असते?"

"आमच्याकडे, मॅनेजरकडे, वाइनच्या तळघरातल्या काकांकडे."

मॅनेजरच्या टेबलावर वायरींचं जंजाळ होतं. "बाई, मला माझ्या बुटाची नाडी सुटत नाही," बाईंनी दोर गुंडाळायला सांगताच तो ओशाळून म्हणाला.

तळघरात काका पिंपं धूत होते. "वाइन चाखा, बाई. गिळायची नाही, थुंकायची."

"ड्यूटीवर आहे. दमलेय, नाहीतर गिळलीच असती."

काका हसले. बोलता बोलता पाइपचे गोल वेढे घातले, आडवा पीळ दिला, टोक खोचलं, खुंटीला अडकवलं.

बाईंनी सगळ्यांना तिथेच बोलावलं.

"दोर कोणी गुंतवला? धाकटा नाही. त्याचा हात मूठमूठ भरतो. मॅनेजरला साधी वायर आवरत नाही. बाटल्यांत स्वस्तातली वाइन भरणाऱ्यालाच आज थोरल्याचं तोंड बंद करायची घाई होती. तो रोज उडी मारतो, हे त्याला ठाऊक होतं. दोर बाहेर काढून त्याने गुंतवला. उरलेला परत भरताना मात्र हात सवयीने चालला."

"दोर कोणीही गुंडाळेल," काका म्हणाले.

"गुंडाळेल. हा पीळही देईल?" बाईंनी पिशवी त्यांच्या खुंटीशेजारी धरली.

काका पिंपावर टेकले. "वाटलं, चार गटांगळ्या खाईल, घाबरेल. मरेल असं नव्हतं वाटलं."

बाईंना एकाएकी फार थकल्यासारखं झालं.

बाहेर धाकटा पायरीवर बसला होता. वहिनी बराच वेळ त्याच्यामागे उभी राहिली. मग पदराने त्याचं ओलं डोकं पुसत म्हणाली, "भावोजी, सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या. चला घरी."