गार पोटाचं ‘वादळ’

“शेपटे, त्याला सांग, लॅपटॉप शाळेसाठी येतोय!” मिरची जिन्याच्या खालून ओरडली.

“शेपटे, तिला सांग, लॅपटॉप नव्हते तेव्हाही शाळा चालत होत्या! गेम चालत नव्हते!” भोपळा वरच्या पायरीवरून गरजला.

मधल्या पायरीवर बसलेल्या शेपटीची मान दोन्हीकडे वळून वळून दुखायला लागली. “मी काय पोस्टमन आहे? समोरासमोर तर उभे आहात. बोला की एकमेकांशी!”

“मेलो तरी बोलणार नाही!” दोघं एका सुरात म्हणाली.

मिरचीला मिरची का म्हणत, ते तिच्याशी बोललेल्या कुणालाही सांगावं लागत नसे. भोपळा हा तिचा चुलतभाऊ. एकदा त्याला गणितात भोपळा मिळाला होता. पुढे गुण सुधारले, पण नाव काही सुटलं नाही. आणि शेपूट म्हणजे त्याची धाकटी बहीण. ही दोघं जिथे जातील तिथे ती मागे असायचीच.

खाली मिरचीचं घर, वर भोपळ्याचं. दोन्ही घरांनी मिळून एकच लॅपटॉप घ्यायचं ठरवलं आणि त्याच दिवशी दोघांचा अबोला सुरू झाला. भोपळ्याला त्यावर गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचा होता. मिरचीचं दुखणं वेगळंच होतं. सुट्टी संपली की शाळेत घरांचे आराखडे काढण्याचा वर्ग सुरू होणार होता. पडद्यावर घर उभं करायचं, फिरवून चारी बाजूंनी बघायचं, भिंत काढून आत डोकवायचं! ते काम पेलणारा लॅपटॉप ज्याच्याकडे असेल, त्यालाच वर्गात जागा मिळणार होती. मिरचीला ती जागा हवी होती. अगदी हवीच होती.

तेवढ्यात काका, म्हणजे भोपळ्याचे बाबा, चपला घालत बाहेर आले.

“कलकल बंद! मी लॅपटॉप पसंत केलाय. ‘वादळ’ नाव त्याचं. स्वस्त आणि मस्त. चला दाखवतो, म्हणजे तुमची तोंडं मिटतील.”

“काका, पण त्यात शाळेने सांगितलेलं ग्राफिक्स कार्ड...”

“तुला दुकानदारापेक्षा जास्त कळतं का गं?”

मिरचीने ओठ गच्च मिटले. ओठ मिटले म्हणजे डोकं शांत झालं, असं नव्हे!

*

दुकान चकचकीत होतं आणि दुकानातला विक्रेता त्याहून चकचकीत. लाल टाय, चापून बसवलेले केस. काकांना बघताच त्याने खुर्ची पुढे केली. मुलांकडे मात्र फरशीवरच्या चिखलाकडे बघावं तसं पाहिलं.

“हात लावायचा नाही! लांबून बघा!”

काचेच्या टेबलावर ‘वादळ’ मांडला होता. त्याच्या कळा लाल-निळ्या-हिरव्या चमकत होत्या. टायवाल्याने बाह्या सावरल्या, बोटं कळांवर ठेवली आणि पडद्यावर एक लाल गाडी सुसाट सुटली. काय ते वळण, काय तो वेग! भोपळ्याचा आ वासला तो वासलेलाच राहिला.

मग एक पूल आला. गाडी पुलाच्या कडेच्या पिवळ्या फळीवर धाडकन आपटली, गर्रकन फिरली, मागची निळी गाडी पुढे गेली आणि शर्यत संपली. चौथा नंबर!

मिरचीला हसू फुटलं. “एवढा सरळ पूल, तरी आपटलात?”

टायवाल्याचे डोळे बारीक झाले. “गिऱ्हाइकासमोर जिंकणं बरं दिसत नाही.”

“यात ग्राफिक्स कार्ड वेगळं आहे का?”

“सगळं आहे. दिवे बघ की, दिवे!”

“दिव्यांनी काय होतं? दिवे आमच्या फ्रिजमध्येपण आहेत.”

“साहेब,” टायवाला काकांकडे वळला, “पोरीला जरा आवरा.”

काकांनी मिरचीचा दंड धरून तिला बाहेर काढलं. “चारचौघांत लाज आणतेस! शनिवारी येऊन हाच घेणार. विकलेला माल परत घेत नाहीत, तेव्हा मागाहून कुरकुर नको.”

परत घेत नाहीत! हे यंत्र नेभळट निघालं, तर वर्गातली जागा गेलीच म्हणायची.

*

दुसऱ्या दिवशी ती एकटीच दुकानात गेली. टायवाला एका जोडप्यासमोर शर्यत खेळत होता. मिरची मागे जाऊन उभी राहिली.

पूल आला. लाल गाडी पिवळ्या फळीवर धाडकन आपटली, गर्रकन फिरली. निळी गाडी पुढे. चौथा नंबर!

“मुद्दाम हरलो,” टायवाला हसत म्हणाला. “गिऱ्हाइकासमोर जिंकणं...” तेवढ्यात त्याचं लक्ष मिरचीकडे गेलं. “तू? परत? हो बाहेर! इथे काय तमाशा आहे?”

मिरची रस्त्यावर आली खरी, पण तिचे पाय जागचे हलेनात. माणूस रोज हरेल एक वेळ. पण रोज त्याच फळीवर? रोज तस्साच गर्रकन?

हे शर्यतीतलं कोडं होतं आणि शर्यतीतलं कळणारा घरात एकच प्राणी होता. मिरचीने दात-ओठ खाल्ले, जिना चढली आणि भोपळ्यासमोर जाऊन उभी राहिली.

“हे बघ, मी तुझ्याशी बोलतेय, पण याचा अर्थ तू मला आवडतोस असा नाही.”

“मलाही तू आवडत नाहीस. बोल.”

तिने सगळं सांगितलं. भोपळ्याच्या कपाळावर आठ्या चढल्या.

“अशक्य! मी मित्राकडे तो गेम किती वेळा खेळलोय. निळी गाडी कधी डावीकडून येते, कधी उजवीकडून. एक शर्यत दुसरीसारखी होतच नाही. आणि आणखी एक गंमत सांगू? खेळताना मित्राचा लॅपटॉप खालून इस्त्रीसारखा तापतो. आतला पंखा घूंऽऽ करून ओरडतो.”

“का?”

“जड चित्रं सारखी नव्याने काढायची म्हणजे यंत्राला घाम फुटतो. ते काम ग्राफिक्स कार्ड करतं. मेमरी कमी पडली तर मागाहून वाढवता येते, निदान जिथे जागा ठेवलेली असते तिथे. पण ते कार्ड मागाहून घालता येत नाही. घेतानाच बघून घ्यायचं.”

मिरची त्याच्याकडे बघतच राहिली. “अरे, मग तुझ्या गेमलाही माझ्या आराखड्यांसारखं तेच कार्ड लागतं! घर फिरवून बघायचं म्हणजे चित्र सारखं नव्याने काढायचंच की!”

“म्हणजे तुला आणि मला एकच लॅपटॉप हवाय?”

“दुर्दैवाने, हो.”

“आणि इतके दिवस मी उगाच निरोप पोचवत होते!” दारामागून शेपूट किंचाळली.

*

दुपारी तिघं दुकानाच्या काचेला नाक लावून उभी होती. आत गिऱ्हाईक नव्हतं. टायवाला एका हातात चहाचा कप आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन, ‘वादळ’कडे पाठ करून बसला होता.

आणि पडद्यावर लाल गाडी सुसाट पळत होती!

“आता पूल,” मिरची कुजबुजली. “आता फळी...”

धाड! गर्रकन! चौथा नंबर!

“चित्रफीत आहे!” भोपळ्याने मूठ आपटली. “दुसऱ्या चांगल्या लॅपटॉपवर कुणीतरी खेळलंय, ते टिपून इथे लावून ठेवलंय! आणि हा लबाड नुसता कळांवर बोटं नाचवतो!”

तेवढ्यात लक्षात आलं, शेपूट शेजारी नाही! ती दारातून शिरून टेबलाखाली रांगत पोचली होती. तिचा चिमुकला पंजा वर आला, ‘वादळ’च्या पोटाखाली सरकला आणि परत आला. टायवाल्याने मान वळवेपर्यंत ती बाहेर होती.

“गार!” ती धापा टाकत म्हणाली. “अगदी फरशीसारखं गार! आणि आवाजही नाही.”

तिघांनी धावत घरी जाऊन काकांना गाठलं. काकांनी वर्तमानपत्रही खाली केलं नाही.

“चोरून दुकानात शिरलात? शाबास! उद्या भिंती फोडा! इतकं मोठं दुकान काय तुम्हाला फसवायला उघडलंय? शनिवारी घेणार म्हणजे घेणार!”

“बाबा, पण...”

“एक शब्द नको!”

बाहेर आल्यावर भोपळा हिरमुसला होता. मिरचीचे डोळे मात्र चमकत होते.

“आपण सांगून ते ऐकणार नाहीत. त्यांना दिसलं पाहिजे. भोपळ्या, तुला ती शर्यत पाठ झाली का?”

“झोपेत म्हणून दाखवू?”

“झोपेत नको. शनिवारी.”

*

शनिवारी दुकान माणसांनी फुललं होतं. काकांनी खिशात हात घातला, तोच मिरची साखरेसारख्या आवाजात म्हणाली, “दादा, घेण्याआधी एकदा खेळून दाखवा ना! तुमच्यासारखं कुणालाच जमत नाही.”

लोक वळले. टायवाल्याला मागे हटता येईना. त्याने बाह्या सावरल्या, बोटं ठेवली, गाडी सुटली.

आणि भोपळ्याने खणखणीत आवाजात धावतं वर्णन सुरू केलं!

“आता उजवं वळण! आता ट्रकला कट मारणार! मारला! आता बोगदा, बोगद्यातून बाहेर आल्यावर डाव्या हाताला पेट्रोल पंप! आला!”

लोक आधी हसले. मग एकमेकांकडे बघू लागले. हा पोरगा घडून गेलेलं सांगत नव्हता, घडायच्या आधी सांगत होता!

“गप्प बस!” टायवाला दात दाबून म्हणाला.

“आता पूल येतोय,” मिरची पुढे सरकली. “दादा, या वेळी डावीकडे घ्या. पिवळ्या फळीवर आपटायचं नाही. एवढंच करून दाखवा. डावीकडे!”

“घ्या की डावीकडे,” गर्दीतल्या एक बाई म्हणाल्या.

टायवाल्याच्या कपाळावर घाम आला. यंत्राला फुटायचा तो त्यालाच फुटला! गाडी आपटली. भोपळा ओरडला, “गर्रकन!” टायवाल्याचा तोल सुटला. त्याने उठून दोन्ही हातांनी भोपळ्याची कॉलर धरली.

“फुकट्या कार्ट्या! तंगड्या तोडीन!”

“त्याला सोड!” काका गरजले, पुढे झाले आणि जागच्या जागी थबकले.

टायवाल्याचे दोन्ही हात भोपळ्याच्या कॉलरवर होते. आणि त्याच्या पाठीमागे लाल गाडी एकटीच सावरत, झोकात, चौथ्या नंबराने शर्यत पुरी करत होती.

काकांचा आवाज आला, हळू आणि थंड. “हात इथे. मग गाडी कोण चालवतंय?”

“तो... तो नमुना आहे, साहेब!”

“मग खरा गेम लावा,” त्या बाई म्हणाल्या.

“लावा, लावा!” सगळे ओरडू लागले.

भोपळ्याने कॉलर सोडवली आणि खरा गेम सुरू केला. पडद्यावरची गाडी एक ढांग पुढे गेली आणि थांबली. पुन्हा एक ढांग, पुन्हा थांबली. चित्राचे तुकडे तुकडे होऊ लागले. “बैलगाडी बरी!” कुणीतरी म्हणालं. मिरचीने त्या दिवशी पाहिलेलं जोडपं ‘वादळ’ घेऊन गेलं होतं, तेही खोकं परत करायला दारातच उभं होतं. त्यांचा चेहरा बघून टायवाल्याने खुर्ची आडवी धरली. पुढचा आरडाओरडा रस्त्याच्या टोकापर्यंत ऐकू गेला. त्या जोडप्याचे पैसे परत मिळेपर्यंत काका काउंटरवरून हलले नाहीत.

*

पुढच्या चौकात एक छोटं दुकान होतं. तिथल्या कपाटात एक राखाडी, बिनदिव्यांचा, दिसायला अगदी मुखदुर्बळ लॅपटॉप होता. किंमत ‘वादळ’इतकीच. ग्राफिक्स कार्ड वेगळं, मेमरी वाढवायला जागा. दुकानदाराने तो मुलांपुढे ठेवला, पण मुलांची पावलं पुढे पडेनात. तिघं काकांकडे बघत होती.

काका घसा खाकरत म्हणाले, “माझ्याकडे काय बघता? मी दिवे बघून लॅपटॉप पसंत करणारा माणूस.”

“काका, तसं नाही...”

“तसंच आहे! मोठं दुकान, लाल टाय, साहेब-साहेब केलं, आणि मी फुगलो. तुम्ही तीनदा सांगितलंत, मी तीनदा गप्प केलं. तुमच्या तोंडाला लगाम नाही, हे खरं. पण डोळ्यांना झापडं नाहीत, हे बरं झालं!”

शेपटीला सगळं कळलं नाही, पण शाबासकी आहे एवढं कळलं. ती ताठ उभी राहिली.

काकांनी दारापाशी खुर्ची ओढली आणि लॅपटॉपकडे पाठ करून बसले. “मी इथे थांबतो. तुम्ही तपासा. गेम लावा, घर उभं करा, तापतो का बघा, हवं तर डोक्यावर घेऊन नाचा. तुमचं तिघांचं एकमत झालं, की मला हाक मारा. त्याआधी मी खिशात हात घालणार नाही.”

भोपळ्याने शर्यत लावली. गाडी पाण्यासारखी सरकत सुटली आणि आत पंखा घूंऽऽ करू लागला. मग मिरचीने पडद्यावर एक घर उभं केलं, छप्पर उचललं, भिंत फिरवली. कुठेही अडकलं नाही. शेपटीने पोटाखाली हात सरकवून “तापला!” म्हटलं, भोपळ्याने मान डोलावली आणि मिरचीने दाराकडे वळून हाक मारली.

“काका, या! हा आमचा!”