ओळंब्याचा दोरा

शिरोली एमआयडीसीत माझं लहानसं वर्कशॉप आहे. फाउंड्रीवाल्यांची किरकोळ कामं करतो, आणि नेमबाजी क्लबातली पोरं रायफलीला स्कोप बसवायला माझ्याकडे येतात. मी घाई करत नाही, म्हणून. आधी रायफल व्हाइसमध्ये धरून पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणायचा. समोरच्या भिंतीवर ओळंबा सोडायचा. मग स्कोपमधली उभी रेघ त्या दोऱ्यावर बसेपर्यंत स्कोप फिरवायचा. वारा नको म्हणून पंखा बंद.

ओळंबा धरायचं काम माझ्या बायकोचं, इमामबीचं. हलणारं वजन ती चिमटीत धरून थांबवायची, पण सोडायला विसरायची. दोरा डावीकडे, तिच्या स्टुलाकडे कलायचा. "सोड की गं!" म्हणून मी रोज खेकसायचो. तिला जाऊन दोन वर्षं झाली. आता खेकसायलाही कुणी नाही, आणि ते फार वाईट असतं.

परवा दुपारी अनुजा रायफल घेऊन आली.

"चाचा, उद्या निवड हाय. औंदा न्हाय झाली तर घरची खेळ बंद करत्यात बघा."

ती गेल्यावर पंखा बंद केला. बुडबुडा मधोमध, दोरा सरळ. स्कोपला डोळा लावला, तर दोरा डावीकडे कललेला. डोळा काढला, सरळ.

काच पुसली. दुसरा स्कोप लावून पाहिला; त्यातून दोरा सरळच. अनुजाच्या स्कोपमधून मात्र बोटभर डावीकडे. स्टूल अजून तिथंच आहे.

तासभर मी नुसता बघत बसलो. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. पण पोरीची निवड होती.

"सोड की गं," मी हळूच म्हणालो.

दोरा सरळ झाला. मी स्क्रू आवळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावरून अनुजाचा फोन आला.

"चाचा, सरावाच्या गोळ्या चालल्यात. टार्गेटम्होरं एक बाई उभी हाय, पाठमोरी. स्कोपमधनंच दिसती. सगळी म्हणत्यात, लेन मोकळी हाय. मारू का?"



"मारू नको. फोन तसाच ऱ्हाऊ दे. हाक मार, इमामबी म्हण. बाजूला हो म्हणावं."

अनुजानं हाक मारलेली ऐकू आली. मग बराच वेळ नुसता वारा.

"झाली बाजूला," ती म्हणाली. "वळलीया. पर माज्याकडं बघत न्हाय, चाचा. फोनकडं बघतीया."